तीन सेकंदांचा विचार

अठरा संगणक ओळीने मांडले होते आणि एकाच्याही कळफलकावर कुणाचा हात नव्हता. पाइन फोर्कच्या वाचनालयात एवढी माणसं मी फक्त फुकट पॅनकेकच्या सकाळी पाहिली आहेत. नवा संगणक तयार करताना तो विचारतो तसला प्रश्न पडद्यावर उमटायचा : भाषा कोणती? गर्दी श्वास रोखायची. मग कुणी बोटही न लावता उत्तर उमटायचं. घड्याळ कुठल्या गावचं धरू? उत्तर. प्रिंटर कोणता? उत्तर.

"अगं बाई, याला आपला प्रिंटरसुद्धा ठाऊक!" मिसेस न्यूक्विस्ट म्हणाल्या. त्या वाचनालय मंडळाच्या अध्यक्षा. हातातली कॉफी निवली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"मी याला काहीही सांगत नाही, मॅडम," लॅसिटर म्हणाला. आपोआप उत्तरं देणारी ही प्रणाली विकायला तो गावात आला होता. शेकोटीवर धरावेत तसे त्याने दोन्ही हात संगणकांवर धरले होते. "मी फक्त बाजूला होतो. हे सजग मन आहे. ते आधी तुमच्या वाचनालयाची स्पंदनं घेतं. पाहा, पाहा... आता विचार करतंय!"

मी इथल्या सामानाची नोंदवही सांभाळतो. सव्वीस वर्षांत मोजायची खोड जडली आहे, म्हणून मी घड्याळ लावून तो विचार मोजला. तीन सेकंद. भाषेला तीन, प्रिंटरला तीन, पासवर्डलाही तीनच. माझी बायकोसुद्धा 'जेवायला काय करू' आणि 'घर विकायचं का' या दोन्हींना सारखा वेळ घेत नाही.

मागे, परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीला टेकून लॉर्ना किवेला उभी होती. आमच्या परगण्यातल्या सहाही वाचनालयांचे संगणक गेली अकरा वर्षं तीच तयार करते : एकेका मशीनसमोर बसायचं, तेच तेवीस प्रश्न, तीच तेवीस उत्तरं. आजच्या सभेत मंडळ दोन गोष्टी ठरवणार होतं. लॅसिटरशी करार करायचा आणि एक जुलैपासून लॉर्नाची जागा रद्द करायची. सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तिच्या शेजारी कुणी उभं राहत नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे घरून आणलेल्या रूबार्बच्या आंबटगोड वड्या मात्र सगळे खात होते.

"पुढे येऊन बघ की, लॉर्ना," कुणीतरी म्हणालं.

"बघितलंय," ती म्हणाली. "अकरा वर्षं."

शेवटचा, तेविसावा प्रश्न आला : मशीन आता लगेच पुन्हा सुरू करू का? तीन सेकंद. अठरा पडद्यांवर अठरा वेळा उमटलं : नाही.

"किती सावध आहे बघा!" मिसेस न्यूक्विस्ट म्हणाल्या.

"त्याला यंत्राचा थकवा जाणवतो, मॅडम," लॅसिटर म्हणाला.

लॉर्ना हसली. फार दमलेलं हसू होतं ते. "थकवा नाही हो. ते फ्यूजला घाबरतंय."

"कसला फ्यूज?" मिसेस न्यूक्विस्टनी विचारलं.

"जुन्या इमारतीतला. सगळी मशीन एकदम सुरू केली की तळघरातला फ्यूज उडायचा आणि अख्खं वाचनालय अंधारात. म्हणून मी तिथे 'नाही' म्हणायचे आणि मग एकेक सुरू करत फिरायचे. ती इमारत पाडून सहा वर्षं झाली. माझी सवय राहिली. पण मिस्टर लॅसिटर, तुमचं मन या गावात येऊन दोन आठवडे झाले. त्याला तो फ्यूज कुठे भेटला?"

लॅसिटर म्हणाला, "मनाला इमारतीच्या आठवणी..."

"आठवण माझी आहे. तुम्ही आलात त्या दिवशी मला म्हणालात, 'मनाची ओळख व्हावी म्हणून एक मशीन तुमच्या हाताने तयार करा.' मी केलं. माझं एकेक उत्तर तुम्ही संगणकाकडून नोंदवून घेतलंत."

"आरोप करणं सोपं असतं, बाई."

"मग आरोप नको. मुलांच्या विभागातला संगणक आणा."

तो आणला. त्यात एक डिस्क जास्तीची आहे. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींची ध्वनिमुद्रणं तिच्यावर आहेत. लॅसिटरने हात धरले. प्रश्न, तीन सेकंद, उत्तर. प्रश्न, तीन सेकंद, उत्तर. मग नवा प्रश्न उमटला : दुसरी डिस्क सापडली, ती पुसू का?

तीन सेकंद झाले. तीस झाले. मी मोजत होतो. चार मिनिटं झाली.

"ते ध्यानात गेलंय," लॅसिटर म्हणाला.

"त्याला उत्तर दिलेलं नाही," लॉर्ना म्हणाली. "आणि थांबलं हे नशीब समजा. सगळ्याला 'हो' म्हणायला लावलं असतंत, तर आपली म्हातारी माणसं पुसली गेली असती."

तिने खुर्ची ओढली, संगणकात लॅसिटरने घातलेली फाइल उघडली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवली. साध्या ओळी होत्या. हा प्रश्न दिसला की तीन सेकंद थांब, हे उत्तर टाइप कर. तो प्रश्न दिसला की तीन सेकंद थांब, ते उत्तर टाइप कर. असं तेवीस वेळा. सगळी उत्तरं लॉर्नाची. लॅसिटरचे स्वतःचे फक्त ते तीन सेकंद.

"म्हणजे यात मन कुठेय?" मिसेस न्यूक्विस्टनी विचारलं. लॅसिटर पिशवीत वायरी भरू लागला होता.

"मन नाही, पण युक्ती चांगली आहे," लॉर्ना म्हणाली. "हे नोंदवून घ्यायचं साधन फुकट मिळतं. मीच कधी वापरलं नाही, तो माझा आळस. पण उत्तरं बदलली पाहिजेत हे त्या फाइलला कधी कळणार नाही. ते कुणीतरी बघावं लागतं."

मंडळाने करार फेटाळला आणि लॉर्नाची जागा ठेवली. दिलगिरी कुणी व्यक्त केली नाही. रिकामं ताट तेवढं धुऊन दिलं.

मंडळी, यंत्र आपोआप काम करतं यात खोटं काही नाही. कुणीतरी एकदा नीट केलेलं काम ते पुन्हा करतं, आणि ते पुष्कळ आहे. पण कुणी त्यावर हात धरून 'हे विचार करतंय' म्हणू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी करा. उत्तरं आधी कुणी दिली ते विचारा, आणि त्याला न सांगितलेला एक प्रश्न घाला.

पांगापांग झाल्यावर लॉर्नाने फाइलमधले तीन सेकंद काढले. शेवटच्या ओळीतलं 'नाही' खोडून 'हो' केलं. मग ती फाइल पुन्हा चालवली. अठरा मशीन एकदम सुरू झाली, आणि आम्ही दोघांनीही वर दिव्याकडे पाहिलं.

दिवा जरासुद्धा लुकलुकला नाही.