चौथी हाक

मुख्य कारकून ताईंनी पाकिटाची कड फाडली आणि आतला कागद अर्धा बाहेर येतो न येतो तोच त्या ओरडल्या, "अहो मामा, तुमचंच आलं!"

मामा दाराशी आपला पितळी बिल्ला पुसत उभे होते. कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. बिल्ला तसाच मुठीत धरून ते आत आले. शेजारच्या खोलीतून टायपिस्ट आणि शिपाईही धावत आले.

देशभरच्या न्यायालयांचा कारभार सुधारण्यासाठी एक समिती नेमली होती. लोकांचा वेळ कुठे फुकट जातो ते शिपायापासून सगळ्यांनी लिहून कळवावं, असं तिचं पत्रक फिरलं होतं. मामांनी लिहिलं. पन्नाशी उलटल्यावर ताईंनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत अक्षरं शिकवली होती; तोवर ते नावं ऐकून पुकारत. त्यानंतर त्यांनी कुणाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. पाकीटही त्यांनी स्वतःच चिकटवलं, ताईंनासुद्धा दाखवलं नाही.

ताई वाचू लागल्या. "'प्रत्येक पक्षकाराला चिठ्ठीवर वेळ लिहून द्यावी. सकाळपासून सगळ्यांना बसवून ठेवू नये.' ही सूचना स्वीकारली आहे. पुढच्या महिन्यापासून सगळ्या न्यायालयांत..."

"सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. देशातल्या!"

टायपिस्टने टेबल बडवलं. "मामा, आता तुम्हाला साहेब म्हणायचं की काय? चहा तरी पाजा!"

"तू आधी कालचा कप धू," मामा म्हणाले, पण हसू गालात मावत नव्हतं.

"पण हे सुचलं कसं हो तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"आईमुळे." मामांनी बिल्ला उगाच पुन्हा पुसला. "राहत्या खोलीचा दावा होता. मी सात वर्षांचा. सकाळपासून बसून तिला तहान लागली, म्हणून नळावर गेली. तेवढ्यात तीन हाका होऊन गेल्या. गैरहजर म्हणून निकाल. महिन्याभरात आमचं सामान रस्त्यावर."

ताईंनी पान उलटलं. त्यांचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र थांबला. कागदाची घडी करून त्यांनी तो शिक्क्याच्या डबीखाली सरकवला.

"बाकी नेहमीचंच सरकारी."

"मी वाचतो ना."

"नंतर वाचा. न्यायाधीश येतील आता."

मामांनी डबी उचलून बाजूला ठेवली. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द जोडत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "'पुकारा करणाऱ्याचे पद... रद्द. सध्याच्या कर्मचाऱ्यांना... मुदतीआधी... निवृत्ती.'"

मामांच्या नोकरीची अजून चार वर्षं उरली होती.

"मामा," ताई म्हणाल्या, "मला कळलं असतं तर मी ते पाकीट जाऊच दिलं नसतं."

"म्हणून तर दाखवलं नाही." त्यांचं बोट अजून कागदावरच होतं. "पद रद्द करायची ही सूचनाही माझीच आहे, ताई. चिठ्ठी दिली की पुकारेवाला लागतोय कशाला? ते लिहायला मला दोन दिवस लागले. निवृत्ती हा शब्द तेवढा त्यांचा. मला जमला नसता."

टायपिस्टला हसू आलं, आणि मग ते तोंडावरच राहिलं.

घंटा वाजली. मामांनी छातीवर बिल्ला लावला, टोपी सारखी केली आणि यादी घेऊन ते बाहेर गेले. बाकांवर जागा नव्हती. माणसं भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, आपापल्या पिशव्या धरून बसली होती. मामांनी छाती भरून पहिलं नाव पुकारलं. एका बाईचं होतं. असा खणखणीत आवाज ताईंनी कैक वर्षांत ऐकला नव्हता.

कुणी उठलं नाही. दुसरी हाक झाली. तिसरी झाली.

नियम तीनचाच होता. आत न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं.

मामा वळले आणि नळाच्या दिशेने चालता चालता त्यांनी चौथी हाक दिली.