ह्यांना चालत नाही

“ह्यांना गोंगाट चालत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि जिने तर अजिबात नकोत.”

मी लिहून घेतलं. हा माझा तिसरा प्रश्न होता. नदीवरच्या बोटींच्या सहली विकणाऱ्या या कचेरीत मला एकवीस वर्षं झाली आणि माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सात प्रश्न, मग माहितीपत्रक. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाई मला पाठीमागे ‘सात सवालवाले’ म्हणतात. म्हणोत बापड्या! चित्रं बघून बोट निवडणारे लोक परत आले की माझंच डोकं खातात. ज्याला दर तासाला पाय मोकळे करायचे असतात, त्याला चार दिवस दरीतून नुसतं बसवून नेलं तर तो शिव्या देणार नाही तर काय करणार?

या बाई मात्र मला आवडल्या. साठी उलटलेली, दवाखान्याच्या धुलाईघरातून निवृत्त झालेल्या. बोलता बोलता टेबलावरचा कोरा कागद कडेला कड जुळवून घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या. उत्तरं कशी चोख! पहाटे उठणं चालतं का? “ह्यांना साडेपाचला चहा लागतो.” पायी हिंडणं? “ह्यांचे गुडघे दुखतात.” जेवायला आठजणांचं टेबल? “छे, अनोळखी माणसांत ह्यांना घास उतरत नाही.”

“आज तिकीट घेऊनच जायचंय बरं का,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी लेकीला दाखवायचंय. नाहीतर राहतं घर बंद करून तिच्याकडे जावं लागेल. तसा शब्द दिलाय.”

म्हाताऱ्या आईबापांची लेकीला काळजी असणारच, असं मी मनात म्हटलं आणि पुढे लिहीत राहिलो. अर्ध्या तासात मार्ग तयार झाला. सपाट मुलखातून जाणारी संथ नदी, आठ दिवस, लहान लहान गावं, खालच्या मजल्यावर खोली, दोघांचं टेबल. इतकी बेतशीर सहल मी बऱ्याच दिवसांत जमवली नव्हती. स्वतःवरच खूश होऊन मी म्हटलं, “छान. आता साहेबांचं ओळखपत्र द्या.”

बाईंचा घडी घालणारा हात थांबला.

“ह्यांचं कशाला? ह्यांना जाऊन चौदा महिने झाले.”

“अहो, मग मघापासून मी नदी कुणासाठी शोधतोय?” माझ्या तोंडून गेलंच. टायपिस्टबाई टाइप करायच्या थांबल्या. मी जीभ चावली.

“तुम्ही विचारत गेलात काय चालतं, काय नाही,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “मी सांगत गेले. मला तेवढंच पाठ आहे.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सात प्रश्नांत एकदाही ‘तुम्हाला’ हा शब्द मी काढला नव्हता. इतकी वर्षं पद्धत, पद्धत म्हणून मिरवतो, आणि समोर बसलेल्या बाईलाच विचारायचं राहिलं. मला स्वतःची लाज वाटली.

मी तो फॉर्म फाडला आणि दुसरा घेतला.

“आता ह्यांना जरा बाजूला बसवू. तुम्हाला पहाटे उठायला आवडतं?”

“ह्यांचा चहा…”

“तुम्हाला.”

बाईंनी घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला. “माहीत नाही हो. अडतीस वर्षं पाचला उठतेय. आता कुणाचं काही नसतं, तरी डोळे उघडतात. मग भिंतीकडे बघत पडते. ह्याला आवडणं म्हणायचं का?”

मीही एकटाच राहतो. ती भिंत मला ठाऊक आहे. पण ते गिऱ्हाइकाला काय सांगणार? त्या प्रश्नापुढची जागा मी कोरी सोडली.

“बरं, शांतता हवी?”

“शांतता?” बाई एकदम हसल्या. “ती घरी पडलीय ढीगभर. मोरीतला नळ टपकायचा ना, तेवढाच काय तो आवाज घरात. जावयानं दुरुस्त करून दिला, तर तो गेल्यावर मी रडले. वेडी म्हणाल मला.” मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “मला आवाज हवा. माणसं हवीत. भांडखोर असली तरी चालतील.”

“शहरांचा मार्ग आहे. रोज बोट नव्या धक्क्याला लागते, रोज नवा बाजार, संध्याकाळी वरच्या मजल्यावर वाजंत्री. पण चव्वेचाळीस पायऱ्या आहेत हं.”

“असू देत. गुडघे ह्यांचे दुखायचे, माझे ठणठणीत आहेत.”

“आणि जेवायला आठजणांचं टेबल.”

“बाराजणांचं नाही का?”

टायपिस्टबाई खुदकन हसल्या. मीही हसलो.

“एकटीला जमेल ना?” हा प्रश्न माझ्या सातांत नव्हता.

“लेकीची अटच ती आहे. म्हणाली, आठ दिवस एकटी फिरून ये, मगच त्या घरात एकटी राहा. मला माझंच घर हवंय हो. तिच्याकडे सगळं आहे, पण तिथं मी पाहुणी.”

मग त्यांनी फॉर्म स्वतः भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. अक्षर ठसठशीत होतं. शेवटच्या चौकटीपाशी पेन अडलं. तिथं छापलं होतं: सोबत.

“इथं काय लिहू?”

“काही नाही. नुसती एक आडवी रेघ मारायची.”

 पेन माझ्यापुढे धरून बाई म्हणाल्या, “एवढी तुम्ही मारा.”

अशा रेघा मी हजारो मारल्या असतील. फॉर्म ओढून घेतला, पेन टेकवलं, आणि हात पुढे सरकेना.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “माझी मीच मारते. पट्टी आहे का? वाकडी नको.”

मी खणातली लाकडी पट्टी दिली. बाईंनी ती नीट बसवली, डाव्या हातानं घट्ट दाबली आणि चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश रेघ ओढली. शाई वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.