डावीकडची सीट

गिअरच्या काळ्या गोळ्यावर तीनचा आकडा तेवढा शिल्लक होता, बाकीचे कुणाच्या तरी तळव्याने घासून घासून पार नाहीसे केले होते — कोण असेल तो, शाहीदच्या मनात आलं, तरणा की म्हातारा, आणि एवढी वर्षं हाताखाली असलेली वस्तू चावीसकट दुसऱ्याच्या हवाली करून तो घरी कसा गेला असेल, रिक्षाने की चालत... त्याने गोळ्यावर हात ठेवला. उन्हाने तापलेला, गुळगुळीत. हाताला बरा वाटला. लगेच त्याने हात काढूनही घेतला, कारण गाडी आवडली हे तोंडावर दिसलं की यार्डवाला भावात तसूभर खाली उतरत नाही, असं ऑफिसातल्या प्रत्येकाने त्याला बजावून पाठवलं होतं.

पण दिसणारच की. लपवणार कुठे? गाडी लाल होती. छोटी, बुटकी, मागून जराशी उचललेली, आणि स्टेअरिंग असं की बोटाने वळवावं. अशीच गाडी त्याने किती रात्री फोनवर पाहिली होती, हायवेवरून जाताना काचा बंद असलेल्या किती गाड्यांत मनानेच बसून आला होता. आणि ही त्याच्या आवाक्यातली होती, खरोखर आवाक्यातली. त्याला एकदम भीतीच वाटली.

"एकच मालक हाय, कामबिम काय नाय निघनार," हितेश खिडकीत डोकं घालून म्हणाला. यार्ड त्याचंच. कामोठ्याच्या सर्व्हिस रोडला, जिथे त्याच्या आजोबांची भाताची खाचरं होती तिथे आता पत्र्याची शेड होती आणि जुन्या गाड्या नाकं रस्त्याकडे करून ओळीने उभ्या होत्या. "तुमच्या वयाला हीच बरी दिसंल. पांढरी काय, म्हाताऱ्यांची गारी."

पांढरी शेजारीच होती. उंच, रुंद दरवाज्यांची. अम्मीने ती पाहिलेली नव्हती, तरी सकाळी घरातून निघताना तिने जे जे सांगितलं ते सगळं त्या गाडीत होतं — अब्बांना चढता-उतरता यावं, मागे ऐसपैस जागा असावी, दवाखान्यात नेताना त्यांना आडवं होता यावं. "उडवायला नको आहे गाडी, बसायला हवी आहे," अम्मी म्हणाली होती. बरोबरच होतं तिचं. तिचं नेहमी बरोबरच असतं, आणि म्हणूनच तर इतका संताप येतो! पहिली गाडी, स्वतःच्या पगाराची, वय तेवीस, आणि घ्यायचं काय, तर फिरता पलंग! असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली, कारण ज्यांच्यासाठी पलंग हवा होता ते अब्बा समोरच उभे होते.

शेडच्या खांबाला हात लावून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पॉलिश केलेले बूट — एवढं त्यांना अजून कुणी सांगावं लागत नाही. इलियास ड्रायव्हर. सगळी उमर कुवेतमध्ये, एकाच घरच्या गाड्या चालवण्यात गेली. दोन वर्षांतून एकदा दोन महिने पनवेलला, मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत. आणि गेल्या वर्षी एका सकाळी विमानतळाचा रोजचा रस्ता त्यांना सापडेना... मालकाने इज्जतीने परत पाठवलं, निघताना घड्याळ दिलं. डॉक्टर म्हणाले, आता विसरणं वाढतच जाणार. तेव्हापासून घरात मोठ्या बहिणीचा, रुमानाचा, नियम होता: अब्बा चुकले की गोड बोलून दुरुस्त करायचं, दर वेळी, कंटाळायचं नाही. अब्बा, हे पनवेल. अब्बा, ही रुमाना. अब्बा, मी शाहीद. आणि अब्बा दर वेळी अदबीने मान हलवायचे, आलेल्या पाहुण्याची कुणी ओळख करून द्यावी तसे.

"कशाला नेतोस त्यांना उन्हात? काय कळणार आहे त्यांना?" अम्मीने विचारलं होतं. शाहीद तरी काय सांगणार होता? की गाडी हे निमित्त आहे, अम्मी... सुट्टी संपली की टॅक्सीत बॅगा चढवताना अब्बा दर वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, पहिली गाडी आपण दोघं जाऊन घेऊ, आणि चालवायला मीच शिकवीन, दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही. लहानपणी तो हे शाळेत सगळ्यांना सांगायचा. आता त्याला वाटत होतं, गाड्यांचा वास, रबर, ऑइल, गरम झालेलं सीट — आयुष्यभर नाकात भरलेला हा वास आला की कुठेतरी आत एक दार उघडेल, आणि अब्बा त्याच्याकडे बघून म्हणतील, शाहीद, ही घे. एकदाच. मग पांढरी तर पांढरी, तो पलंगसुद्धा घेऊन गेला असता.

आणि बदर... त्याचं नाव मनात आणायचं नाही असं ठरवूनही ते आलंच. बदर, मालकाचा मुलगा, शाहीदच्याच वयाचा. दोघं अठराचे झाले त्या वर्षी अब्बांचा व्हिडिओ कॉल आला होता, मागे खजुराची झाडं, अब्बांचा चेहरा नुसता फुललेला — "आज बदर पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन गेला! मीच शिकवलं त्याला, महिनाभर, रोज संध्याकाळी." शाहीद म्हणाला, मुबारक. आणि फोन अम्मीच्या हातात देऊन संडासात जाऊन बसला, नळ सोडून. त्याच आठवड्यात तो स्वतः मोटर ट्रेनिंगच्या गाडीत गाढी नदीच्या पुलावर घाम गाळत होता. मागे आपापल्या पाळीची वाट बघणारी तिघं जांभया देत होती आणि शेजारचा मास्तर फोनवर बायकोशी भांडता भांडता त्याच्या मांडीवर चापट मारून 'क्लच, क्लच!' ओरडत होता. लायसन्स आलं, तेव्हा अब्बांना त्याने कळवलंही नाही. अब्बांनी विचारलंही नाही. की विचारलं होतं आणि मीच उडवून लावलं? आता कुणाला विचारणार...

"चक्कर मारून बघा ना," हितेश म्हणाला. "मागचा रस्ता मोकला हाय, कोन नाय येत. चाचांना पन न्या."

चाचा हा शब्द ऐकताच अब्बा पुढे आले. त्यांच्या चालीत एकाएकी काहीतरी बदललं, खांदे सरळ झाले. त्यांनी गाडीला पुढून एक फेरी मारली, टायरला बुटाने हलकेच टोकरलं — आलं, शाहीदला वाटलं, आठवलं त्यांना — आणि मग त्यांनी रुबाबात डावीकडचा दरवाजा उघडला, आत बसले, आरशाकडे एक नजर टाकली आणि दोन्ही हात समोर उचलले. समोर काहीच नव्हतं. हात तसेच राहिले. त्यांनी डॅशबोर्ड चाचपला, पुन्हा चाचपला. "स्टेअरिंग कुठे गेलं?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात भीती होती.

हितेश हसला. वाईट मनाने नाही, कुणीही हसलं असतं. "चाचा, तिकडं नाय, हिकडं हाय स्टेअरिंग! ही काय अरबाची गारी हाय, डाव्या स्टेअरिंगची?" शाहीदला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याने नुसती चावी फिरवली.

शेडमागे सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना कुंपण घातलेले रिकामे प्लॉट, वाढलेलं गवत, एका जागी उभा राहून गंजलेला रोलर. गाडी हलकी होती, पाय लावताच उसळून पुढे गेली, आणि क्षणभर — बापरे, काय मजा! — क्षणभर त्याला कशाचीच आठवण राहिली नाही. मग त्याने बाजूला पाहिलं. अब्बा आता शांत होते. कधी स्टेअरिंगकडे, कधी त्यावरच्या शाहीदच्या हातांकडे पाहत ते काहीतरी जुळवत होते, आणि ते जुळलं असावं, कारण त्यांनी हसून आपला हात हँडब्रेकवर ठेवला. शिकवणारा माणूस ठेवतो तसा. वेळ आली तर ओढता यावा म्हणून.

"बिस्मिल्ला म्हटलंस ना?" अब्बा म्हणाले. "शुवय, शुवय... हळू. घाई कुणाला आहे, बदर?"

अब्बा, मी शाहीद. शब्द जिभेवर आले होते, रोजचेच, तासून गुळगुळीत झालेले. समोर गवतात एक म्हैस मान वर करून बघत होती. त्याने गाडी हळू केली.

"शाबाश. नजर लांब ठेव. बॉनेटकडे बघायचं नाही, जिथे जायचं तिकडे बघायचं, हात आपोआप तिकडे नेतात." आवाज किती समजूतदार होता! असा आवाज शाहीदने कधी ऐकलाच नव्हता. त्याच्या वाट्याला आलेले अब्बा फोनवर ओरडून बोलणारे, पैसे पोचले का विचारणारे, किंवा सुट्टीवर आलेले, लाजलेले, घरात कुठे बसावं हे न कळणारे. हे अब्बा रोज संध्याकाळी, महिनाभर, दुसऱ्याला मिळाले होते. रडू नको तर काय करू मी, सांगा ना.

डोक्यावरून एक विमान खाली येत गेलं. अब्बांनी काचेतून वाकून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. "या महिन्यात मी पण जाणार," ते म्हणाले. "सुट्टी मिळाली आहे. तुझ्या वयाचा मुलगा आहे माझा, गावी. त्याला शिकवायची आहे गाडी. वचन दिलंय."

शाहीदला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. त्याने तिसरा गिअर टाकला, तो शिल्लक असलेला आकडा तळव्याखाली आला. मग त्याने विचारलं, "कसा आहे तो?"

"शाहीद?" अब्बा विचारात पडले. किती सहज आलं ते नाव त्यांच्या तोंडी! "चांगला आहे. गाडीचं वेड आहे त्याला, लाल गाडी पाहिजे म्हणतो. पण हल्ली फोनवर बोलत नाही माझ्याशी... अम्मीकडे फोन देऊन टाकतो. रागावला असेल." हँडब्रेकवरचा हात जरासा हलला. "आता शिकवायला बसलो की जाईल राग. जाईल ना?"

"नसेल रागावला," बदर म्हणाला. म्हणजे शाहीदच म्हणाला, पण ज्याला विचारलं होतं त्याच्या वतीने म्हणाला.

"यमीन, यमीन घे," अब्बांनी उजवीकडे बोट दाखवलं. कुवेतचा कायदा तोच, सगळ्या गाड्या उजव्या अंगाने. शाहीदने आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. त्याने अगदी हळू, सांभाळून, गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला घेतली, आणि अब्बांनी समाधानाने मान मागे टेकली.

खिशात फोन वाजत होता, हितेशचा असेल, किंवा अम्मीचा: कुठली घेतलीस? त्याने काढला नाही. कुठलीच घेतली नव्हती. इतकी वर्षं त्याने बदरचा हेवा केला होता, जागेपणी, झोपेत, त्या मुलाचा चेहराही न पाहता. आता तो हेवा शोधूनही सापडेना. त्या जागी दुसराच कुणी उभा होता: गावी असलेला, गाडीचं वेड असलेला तो मुलगा, ज्याच्याकडे अब्बा या महिन्यात जाणार होते. शाहीदला त्याच्याजवळ जाता येईना. रस्ता संपत आला होता, पुढे पत्रा लावून बंद केलेला, आणि अब्बा म्हणत होते, वळव आता, हळूच, मी आहे.