एकशेबारा नंबरचा वाचक

ग्रंथालयातल्या अहवालाच्या मागच्या पाकिटातून तिने कार्ड ओढून काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सभासद क्रमांक एकशेबारा. तारीख परवाची.

हा नंबर असलेला हा सातवा खंड. गिरण्यांमधल्या पाळणाघरांवर ती पाच वर्षं घासत होती, आणि प्रबंध द्यायला आता पंधरा दिवस उरले होते. या अहवालांना इतकी वर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता शेवटची तपासणी करायला ती जो खंड मागवी, तो एकशेबारा नंबरने दोन दिवस आधी चाळलेला असे.

"बाई, हा एकशेबारा कोण?" तिने ग्रंथपालबाईंना विचारलं.

"नावं सांगायची नसतात. उद्या कुणी तुमचं विचारलं तर सांगू का?"

घरी थोरल्या बहिणीने हसण्यावारी नेलं. "तुझ्या त्या अहवालांवर डल्ला मारायला जो येईल, त्याला दुसरा उद्योग नसणार बघ."

तिला मात्र हसू आलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिच्या संदर्भांची यादी साऱ्या कॉलेजात एकाच माणसाकडे होती. मागच्या महिन्यात तिने स्वतःच्या हाताने ती सरांना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना दिली होती. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि गिरण्यांवर एक पुस्तक लिहायचंय असं दर वर्षी म्हणत होते. खपून बीळ करायचं तिने, आणि आयत्या बिळावर नागोबा कोण, तर गुरू. त्यांनी प्रेमाने पाजलेले चहासुद्धा तिला आता हिशेबी वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडताच ती हजर झाली. ग्रंथपालबाई आतल्या दालनात पुस्तकं काढायला गेल्या होत्या. टेबलावरच्या तारेत वाचकांच्या मागणीच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. इकडेतिकडे बघून तिने त्या उलटल्या. एकशेबारा, एकशेबारा, पुन्हा एकशेबारा, आणि सरांचं ते डावीकडे कललेलं अक्षर. एक ते एकेचाळीस, सगळी पुस्तकं तिच्या यादीच्याच क्रमाने. आज सरळ प्राचार्यांकडे जायचं, तिने ठरवलं.

तेवढ्यात ग्रंथपालबाई एक पुस्तक घेऊन बाहेर आल्या. तिने घाईघाईने हात मागे घेतला.

"बरं झालं आलात. हे तुमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलंय."

"कुणी?"

"तुमच्या सरांनी. काल मागवलं, उघडलं आणि तसंच परत दिलं. एवढी एकच प्रत उरलीय हो याची, दुसरीकडे कुठेच नाही."

तिने मागचं कार्ड काढलं. कालचा एकशेबारा सोडला तर कोरं. पुस्तक उघडलं, तर पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून त्यांवर कुणी सुरी फिरवलीच नव्हती. तिच्या तिसऱ्या प्रकरणात या पुस्तकाच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानाचा संदर्भ होता. दोन वर्षांपूर्वी, घाईच्या एका संध्याकाळी, तो तिने दुसऱ्या कुणाच्या तळटीपेतून पान क्रमांकासकट उचलला होता. सगळेच उचलतात, असं तेव्हा स्वतःला समजावलंही होतं.

"मी म्हटलं, पानं कापून देते," ग्रंथपालबाई सांगत होत्या. "तर नको म्हणाले. तशीच राहू द्या, तिला दाखवायचीत. मला काही कळलं नाही बाई."

तिच्या पायाखालची वाळू सरकली. हे पान तिने कधी पाहिलेलंच नाही, हे सरांनी ओळखलं होतं.

"सर आज येणार आहेत का?" तिने विचारलं.

"आलेत की कधीचे. आत खिडकीपाशी बसलेत. परीक्षकांनी बोट ठेवण्याआधी आपणच बघितलेलं बरं, म्हणत होते. चाळीस संदर्भ चोख निघाले, पोरीने कष्ट केलेत, हे एकच राहिलंय."

ग्रंथपालबाईंनी खणातून कागद कापायची सुरी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती घेतली नाही. लाजेने तिचे कान तापले होते. पुस्तक तसंच छातीशी धरून ती खिडकीच्या दिशेने चालू लागली.