अकरा जणींचं एक नाव

पैसे माझ्या नावावर ठेवायचे हे मीच ठरवलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणाच्याही नावानं शिमगा केला तरी माझा वाटा तुमच्या ध्यानात राहील.

आम्ही अकरा बायका तांदळाच्या भाकऱ्या करतो. आमचं गाव पळसदरीच्या जवळ. शनिवार-रविवार कळंबपासून खोपोलीपर्यंतच्या रिसॉर्टांत मुंबई-पुण्याची माणसं येतात आणि त्यांना चुलीवरची भाकरीच लागते. एका भाकरीचे आम्हाला आठ रुपये मिळतात. तीच भाकरी ताटात पडली की चाळीसची होते. उकड आम्ही काढायची, पीठ आम्ही मळायचं, बोटं आमची भाजायची. मिळेल त्यातला काही हिस्सा बाजूला टाकायचा, असं नऊ वर्षं केलं. व्याजासकट सोळा लाख झाले. ठेवले होते एका सहकारी बँकेत. तिचं नाव घेत नाही, तोंड कडू होतं.

प्रत्येकीचं वेगळं खातं का नाही काढलं, असं मला आता जो तो विचारतो. अहो, प्रत्येकीला नवरा होता म्हणून. जिला नवरा नव्हता तिला मुलगा होता, दीर होता. खात्यावर बाईचं नाव दिसलं की घरातल्या कुणाला तरी लगेच मोटारसायकल आठवते. माझा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला, आणि माझ्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नाही. शिवाय माझी साठी उलटलेली, म्हणून बँक अर्धा टक्का व्याज जास्त द्यायची. मग ठरलं, सगळ्यांचे पैसे विमलबाईंच्या नावावर, आणि कुणाचे किती ते विमलबाईंच्या वहीत. दर पाडव्याला वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. नऊ वर्षांत एका रुपयाचा वाद झाला नाही. गजासारखा माणूससुद्धा पैसे मागायला माझ्या ओट्याची पायरी चढला नाही.

गजा म्हणजे आमच्या सोनुबाईचा नवरा. दिवसा गप्प, संध्याकाळी गुत्त्यावर, आणि घरी आला की तिच्यावर हात मोकळा. सोनुबाई ताप असला तरी भाकऱ्यांना यायची, म्हणून वहीत सगळ्यांत मोठा आकडा तिचा होता, दोन लाख चाळीस हजार. तिला एक खोली बांधायची होती. तिच्या भावानं, नवशानं, आपल्या घराशेजारी जागा दिली होती, आणि पाच वर्षांपूर्वी आम्हीच बायकांनी दगड वाहून तिचं जोतं घालून दिलं होतं. जोत्यावर गवत वाढायचं. ती दर दिवाळीला ते उपटून यायची आणि म्हणायची, पुढच्या वर्षी भिंती.

मग एका गुरुवारी बँकेच्या शटरवर कागद चिकटवला. पैसे काढायला बंदी. मोठमोठी कर्जं बुडाली होती म्हणे. पुढचं दीड वर्ष आम्ही शिळफाट्याच्या शाखेसमोर सतरंज्या टाकून बसलो, घोषणा दिल्या, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. कोण पेन्शनीतला मास्तर, कोण बंद कारखान्यातला कामगार, कोण भाजीवाली. एकही शेठ त्या सतरंजीवर मी पाहिला नाही. एक आमदार येऊन गेला. आमच्याबरोबर फोटो काढला आणि आमचाच चहा पिऊन गेला.

त्यानंतर बातमी आली की सरकारनं मध्ये पडून बँक वाचवली. एका मोठ्या बँकेनं ती पोटात घेतली, नवा बोर्ड लागला, आत गारेगार एसी. लोकांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला, त्याची मला अजून लाज वाटते.

नव्या बँकेत नम्रता नावाची मुलगी होती. गोड बोलणारी, कर्जतचीच. तिनं मला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. एका माणसाला एका बँकेतले पाच लाखांपर्यंतचेच पैसे विम्यातून मिळतात. उरलेले अकरा लाख दहा वर्षांनी, थोडे थोडे, बिनव्याजी. मी बाहत्तर वर्षांची. दहा वर्षांनी मी भाकरी चावू शकेन की नाही तेही मला ठाऊक नाही. मी तिला म्हटलं की हे पैसे एकटीचे नाहीत, अकरा जणींचे आहेत, ही बघ वही. तिनं वही उलटसुलट करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हेच पैसे अकरा नावांवर असते ना, तर सगळेच्या सगळे मिळाले असते."

मला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. दहा जणी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांना हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सोनुबाईनं फक्त विचारलं की पाच लाखांत तिच्या वाट्याला किती येतील. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. पंचाहत्तर हजार.

आता शेठचं ऐका. कळंबच्या ज्या रिसॉर्टला आम्ही सगळ्यांत जास्त भाकऱ्या देतो, त्याच्या मालकानं आमच्याच बँकेचं बेचाळीस कोटी कर्ज थकवलं होतं. नव्या बँकेनं त्याच्याशी तडजोड केली. अकरा कोटी भर आणि मोकळा हो. एकतीस कोटी सोडून दिले. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मी त्या तीनदा वाचल्या. याच बँकेचं वीस हजारांचं कर्ज मी एकदा गॅसच्या भट्टीसाठी घेतलं होतं. दोन हप्ते चुकले तर त्यांचा माणूस माझ्या ओटीवर येऊन बसला होता, घरात पाहुणे असताना, आणि पैसे घेतल्याशिवाय उठला नव्हता. माझ्यासाठी कुठं होती तडजोड?

त्याच महिन्यात शेठनं नव्या इमारतीचं उद्घाटन काढलं. मनोजचा फोन आला. हा तिथलं स्वयंपाकघर सांभाळतो, पोरगा वाईट नाही. तीनशे भाकऱ्या हव्यात, आणि बायकांनी नऊवारी नेसून पाहुण्यांसमोर चुलीवर कराव्यात. मी म्हटलं, जळ्ळी ती ऑर्डर, मी येत नाही. पण बाकीच्या जणी म्हणाल्या की आता तर एकेक रुपया लागतो, वैनी, जाऊ या. गेलो. नव्या बँकेचा साहेबही पाहुणा होता. त्याला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी पीठ मळत होते.

मग शेठ चार पाहुण्यांना घेऊन चुलीशी आला. कुणीतरी मोबाइल धरला. शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की या मावशी आमच्या घरच्याच. माझं डोकं फिरलं. हातातलं पीठ तसंच ठेवून मी उभी राहिले.

"शेठ, तुमचे एकतीस कोटी सोडले बँकेनं. आमचे अकरा लाख त्यातच गेले. ते कुणी द्यायचे?"

मला वाटलं, माणूस खाली बघेल. निदान चिडेल तरी. तो हसला. म्हणाला, "मावशी, धंद्यात वर-खाली होतंच. मीही फार वाईट दिवसांतून गेलोय. बँकेनं समजून घेतलं, म्हणून आज उभा आहे." आणि ते खरंच मनापासून म्हणाला हो! त्याला काही लपवायचंच नव्हतं. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि ते सगळे पुढं आईस्क्रीमकडं गेले. बँकेचा साहेब शाल घडी करत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, तेवढ्यात माझ्या तव्यावरची भाकरी करपली. सोनुबाईनं हात घालून ती उचलली. मनोजनं हिशेब करताना करपलेल्या भाकरीचे आठ रुपये कापले.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी मी ठरवलं की एकदा शेण खाल्लं, आता नियमानं वागायचं. माझं चुकलं ते हेच ना, की प्रत्येकीचं नाव लावलं नाही? मग आता लावायचं. पाच लाख माझ्या खात्यात आले तसे मी दहाही जणींना घेऊन नम्रतासमोर उभी राहिले. काही जणी कुरकुरल्या. सोनुबाई तर म्हणाली की माझे तुमच्याकडंच राहू द्या, वैनी. मीच तिच्यावर डाफरले. म्हटलं, "एकदा बुडालीस ना माझ्या नावापायी? आता तुझं नाव, तुझं खातं. सरकारचा नियम हाय."

दहा अर्ज मी माझ्या हातानं भरले, कारण अक्षर माझंच बरं. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय खातं उघडत नाही, असं नम्रता म्हणाली. सोनुबाईच्या घरात फोन एकच. तिनं नंबर सांगितला, मी लिहिला. दहा आकडे, नीट, एकेका चौकोनात. कुणाचा फोन ते मी विचारलंही नाही. हे मला का सुचलं नाही, देवाला ठाऊक. मी त्या दिवशी इतकी खूश होते की सगळ्यांना वडापाव खाऊ घातला.

पंचाहत्तर हजार जमा झाल्याचा मेसेज गजाच्या फोनवर आला.

आठ दिवस सोनुबाई भाकऱ्यांना आली नाही. नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. अंगणात नवी मोटारसायकल उभी होती, हँडलला झेंडूची माळ, सीटवरचं प्लास्टिक तसंच. सोनुबाईच्या डाव्या डोळ्याखाली निळं पडलं होतं. तिनं सांगितलं ते एवढंच, की गजा तिला बँकेत घेऊन गेला, साहेबानं दोनदा विचारलं की बाई, पैसे तुमच्या राजीखुशीनं काढताय ना, आणि ती हो म्हणाली. अंगठा नाही, सही केली. मीच शिकवली होती तिला सही करायला, पहिल्या वर्षी, चुलीजवळ बसून, कोळशानं.

मी तिच्या दारात बसले आणि रडले. मला शेठला शिव्या द्यायच्या होत्या, त्या साहेबाला, सरकारला, गजाला. तोंडातून आल्या त्या माझ्याच नावच्या. म्हटलं, "सोने, बोल गं मला काहीतरी. दोन्ही वेळा मीच बुडवलं तुला."

ती म्हणाली, "तुमी कुठं बुडवलं, वैनी? तुमच्याकडं होते तवर माझे होते."

मग पदराची गाठ सोडून तिनं शंभराच्या दोन नोटा काढल्या. उद्घाटनाच्या भाकऱ्यांची मजुरी. गजाला माहीत नसलेली. त्या तिनं माझ्या हातात ठेवल्या आणि माझी मूठ दाबून धरली.

"हे तुमच्याकडं ठेवा. बँकेत नको आनि माझ्या नावावर तर नकोच."

त्या नोटा माझ्या घरात तांदळाच्या पिठाच्या डब्यात आहेत. आता बाकीच्या जणीही आणून देतात, कुणी पन्नास, कुणी शंभर. डब्याला विमा नाही, व्याज नाही, आणि मी मेले तर वहीशिवाय पुरावा नाही. मला सगळं कळतं. तरी परवा वहीचं नवीन पान काढलं आणि वर पहिलं नाव सोनुबाईचं घातलं. पुढं आकडा लिहिला, दोनशे.