तळटीप सत्तेचाळीस

छकुली मांडीवर झोपली होती, म्हणून मी एका हाताने टाइप करत होते. बारापर्यंत लेखाची शेवटची प्रूफं संपादकांकडे जायला हवी होती. साडेदहा वाजले होते, आणि पडद्यावरचं मूळ निकालपत्र मी आत्ता पहिल्यांदा वाचत होते.

कंपनीची आतली बातमी कानावर आली आणि नातेवाइकाने शेअर विकले, तर तोही दोषी का? माझा लेख ‘हो’ म्हणत होता, तोही एका वाक्याच्या जोरावर: ‘ऐकणाराही बांधला जातो.’ वाक्य निकालपत्रात होतं, पण निकाल तो नव्हताच. तिघांपैकी ज्या एका न्यायाधीशाला निकाल मान्य नव्हता, त्याने ते लिहिलं होतं. बाकी दोघांनी नेमकं उलट म्हटलं होतं.

प्रबंध लिहिताना मी ते मॅडमच्या पुस्तकातून उचललं होतं, पानाच्या आकड्यासकट. मूळ निकाल तेव्हा उघडलाच नव्हता. मला संशोधन मॅडमनीच शिकवलं, आणि पुढच्या आठवड्यात कायम नोकरीच्या मुलाखतीला समोर बसणार होत्या त्याच.

नवऱ्याला फोन लावून कुजबुजत सांगितलं.

“अगं, तळटिपा वाचतं कोण?”

“जे वाचतात, तेच माझी मुलाखत घेणारेत.”

“मग मुलाखत होऊ दे. नंतर दुरुस्त कर.”

“छापलेलं? खोडरबराने?”

मग धीर करून मॅडमना.

“मॅडम, माझ्या लेखाच्या सत्तेचाळिसाव्या तळटिपेतलं ‘ऐकणाराही बांधला जातो’ हे वाक्य अल्पमतातलं आहे.”

“माझ्या पुस्तकात आहे ते. वीस वर्षं सगळे तेच देताहेत.”

“सगळ्यांनी तुमच्याकडूनच घेतलंय. मीही.”

“तू मला शिकवतेस?” आणि फोन बंद.

वाक्य गुपचूप काढून टाकता आलं असतं. मग मॅडमचं नाव आलंच नसतं, आणि पुढचाही कोणी तेच उतरवत बसला असता.

मी तळटिपेत लिहिलं: हे मत अल्पमतातलं आहे, मॅडमच्या पुस्तकात आणि माझ्या प्रबंधातही ते चुकून निकाल म्हणून दिलं गेलं. मग लेखात चार ठिकाणी ‘दोषी ठरतो’ होतं, तिथे ‘दोषी ठरायला हवा’ केलं, आणि का हवा ते दोन परिच्छेदांत मांडलं. अकरा पन्नासला पाठवलं.

लगेच फोन थरथरला. मॅडम.

“काय लिहिलंस? वाच.”

मी वाचून दाखवलं, त्यांच्या नावासकट.

“पान किती दिलंस?”

“दोनशे बारा. पडद्यावरच्या प्रतीला आकडे नाहीत, म्हणून...”

“म्हणून माझ्याच पुस्तकातला! निकालांचा मूळ छापील खंड आत्ता माळ्यावरून काढलाय, नाकातोंडात धूळ गेलीय माझ्या. दोनशे एकोणीस आहे ते. अगं, माझी चूक काढतेस, ती तरी माझ्यावरून उतरवू नकोस!”

“पाठवून झालंय, मॅडम.”

“मग परत पाठव. सहा मिनिटं आहेत.”

तेवढ्यात छकुली उठली आणि तिने भोकाड पसरलं.

“फोन तिच्या कानाला लाव,” मॅडम म्हणाल्या. “मी बोलते तिच्याशी, तू पान बदल. आणि मुलाखतीत यावरच विचारणारे मी. तयारी करून ये.”

मी स्पीकर लावला.

“काय गं ठमाबाई, आईला काम करू देत नाहीस?”

छकुली हुंदका अर्धाच ठेवून फोनकडे बघत राहिली. मी दोन्ही हातांनी टाइप केलं: दोनशे एकोणीस.