स्वतःची शिफारस

सायलीचं सगळं तयार होतं. इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क आले होते, मार्कलिस्टांवर विद्यापीठाचे शिक्के मारून झाले होते, कॉलेजच्या मॅडमनी शिफारसपत्रही दिलं होतं. घोडं अडलं होतं दुसऱ्या पत्रापाशी. जर्मनीतल्या विद्यापीठाला ते नोकरीतल्या वरिष्ठाचंच हवं होतं, आणि ते नसेल तर एमएसचा अर्ज कुणी उघडूनही बघणार नव्हतं.

वरिष्ठ म्हणजे बोराडेसर. सायली अंबडच्या ज्या कारखान्यात तीन वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासत होती, तिथले क्वालिटीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: त्रास देणारी आणि न देणारी. सायली दुसऱ्या प्रकारातली, त्यामुळे तिच्याकडे बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. पत्र मागितल्यावर त्यांनी आपल्याकडचे सगळे साहेब सांगतात तेच सांगितलं, "तूच लिहून आण. मी सही करतो."

आता स्वतःचं कौतुक स्वतःच करायचं, तेही साहेबांच्या तोंडून. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये 'जास्त शहाणपणा नको' ऐकत वाढलेल्या मुलीला ते कसं जमावं? 'सायली वक्तशीर आणि आज्ञाधारक आहे' हे वाचून तिची रूममेट मृण्मयी म्हणाली, "हे तर बालवाडीचं प्रगतीपुस्तक झालं. तू तिथे केलंस काय, ते लिही ना."

मग सायली चिडून लिहीत सुटली. माल परत येतोय तो मशीनमुळे नाही, मोजायचं गेजच झिजलंय म्हणून, हे तिने शोधलं होतं. तपासणी कशी करायची याची चित्रं तिने काढली होती, ती आता प्रत्येक लाइनवर लागली होती. सर तापाने घरी असताना गिऱ्हाइकाचं ऑडिट तिने एकटीने निभावलं होतं. लिहिता लिहिता तिलाच नवल वाटलं.

सोमवारी सर सही करायला बसले, सवयीने वरवर वाचू लागले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गेजचं तू शोधलंस? मला तर मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं."

"त्यांना मी सांगितलं होतं, सर."

"आणि ती चित्रं?"

"मीच काढली."

सर म्हणाले, "मग जातेस कशाला? इन्चार्जची जागा रिकामी होतेय. तुझं नाव देतो."

सायलीला मोह झाला, अगदी खरा. घर जवळ राहिलं असतं, आई खूश झाली असती. पण त्याहून जास्त राग आला. तीन वर्षं ती यांच्या समोरच्या टेबलावर होती, आणि तिचं काम यांना कळलं ते तिनेच लिहिलेल्या कागदावरून.

"सर, मला शिकायचंय," ती म्हणाली. "सही द्या."

सरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि तिच्यापुढे सरकवला. "एवढं एक बदलून आण. 'मी सायलीला तीन वर्षं जवळून ओळखतो' असं लिहिलंयस. त्यातलं 'जवळून' काढ. बाकी सगळं खरं आहे."

सायली नवी प्रिंट काढायला गेली, तेव्हा इथून जायचं तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.